वजनमापे निरीक्षक, रत्नागिरी

बदलीच्या हुकमात गावाचं नाव होतं,
समुद्राचा उल्लेख नव्हता.
जालन्याहून निघालो. ट्रंकेत शिक्के, शिसं, सांडशी
आणि खात्याची पितळी वजनं,
मखमलीच्या खळग्यांत निजलेली,
दोन किलोपासून थेट एका ग्रॅमपर्यंत.

पहिल्या सकाळी उतरलो तर
कुणी ट्रक रिकामा करून गेल्यासारखं ऊन.
चिऱ्याच्या गडग्यांवर, वाळून काळ्या पडलेल्या शेवाळावर,
स्टँडमागे झोपलेल्या कुत्र्याच्या
एकाच कानावर.
आमच्याकडचं ऊन कोरडं, हिशेबी.
हे अंगाला चिकटतं,
संध्याकाळी सदरा काढला तर त्याच्याबरोबर निघत नाही.

रिक्षावाला नझीर होडेकर म्हणाला,
"बघायचं काय काय ते बोला.
थिबा पॅलेस, भगवतीचा किल्ला, दीपगृह,
पांढरा समुद्र, काळा समुद्र."
एका गावात दोन समुद्र?
"समुद्र एकच हो. वाळू दोन."
पुढे मांडवीपर्यंत तो गप्प,
मी आपला त्या वाक्यात बसून.

राजवाडा पाहिला. लाल, लांबच लांब,
खिडक्यांना उजेड पुरून उरलेला.
"दूर देशीचा राजा. इथे आणून ठेवला."
म्हणजे बदलीच, मी म्हणालो.
नझीर हसला नाही. "हां, पण परतीचा हुकूम नाय आला."
त्या राजाच्या गावालाही समुद्र नव्हता, नदी होती म्हणे.
मला कुंडलिका आठवली,
आणि तिच्यात पाणी होतं ते एक वर्ष.

किल्ल्यावरून मिरकरवाड्याचं बंदर दिसतं:
होड्या खेटून खेटून, लाल, निळ्या,
वर उलटसुलट फडकणारी निशाणं.
सुंदर आहे, असं मी मोठ्यानं म्हणालो
आणि दुसऱ्या दिवशी तिथेच तपासणीला गेलो.

हसीनाबी सोलकर बांगड्यांचे वाटे लावत होती.
काटा कुठाय?
"वाट्याला कसला काटा? डोळा हाय की."
आणि ही सुरमई?
मग तिनं गोणपाटाखालून लोखंडी वजन काढलं.
तोललं. अर्ध्या किलोत अकरा ग्रॅम कमी.
पापुद्रे सुटलेले, कडा झिजलेल्या.
"मी नाय खाल्लं, साहेब. खाऱ्या वाऱ्यानं खाल्लं.
नोटीस द्यायची तर त्याला द्या."
आजूबाजूच्या सगळ्या बायका हसल्या, बर्फसुद्धा हसला असेल.
मी नोटीस लिहिली. नाव तिचंच घातलं.
कारण या रकान्यात मात्र
पेन थोडा वेळ थांबलं.

नवं वजन तिनं आणलं, शिक्काही मारून घेतला.
तेव्हापासून माझ्या वाट्यात
एक बांगडा जास्त असतो.
मी मोजतो, परत करतो, ती पुन्हा टाकते.
कायद्यात याला कलम नाही.

परवा मखमल उघडली, वार्षिक पडताळणीसाठी,
तर पाचशे ग्रॅमच्या मानेवर
हिरवा ठिपका, तिळाएवढा.
प्रमाणित पितळ. शासकीय. तरी.
पुसायला फडकं घेतलं,
आणि खिडकीतून आत आलेल्या उन्हात
नुसता धरून बसलो ते वजन.

मेव्हणा फोनवर विचारतो,
पोरांना घेऊन येतो दिवाळीत, बघण्यासारखं काय आहे?
सांगितलं: ओहोटीची वेळ साधून ये.
भाट्याच्या पुलावर उभे राहू.
खाली खाडीत बायका गुडघाभर चिखलात
तिसऱ्या वेचतात, त्यांच्या पाठीवर ऊन वाळत असतं,
एक कुणीतरी वर बघून
"काय बघताव?" असं ओरडते.
तिला उत्तर द्यायला मला अजून जमलेलं नाही.

बाकीचं सगळं नझीर दाखवेल.
पैसे आधी ठरवून घे.