अपवादांची यादी

सोहार. गुरुवार. दुपारचे बारा चाळीस.
लॅब नंबर दोन, एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.
एकतीस मशीनवर कासवं चालतात,
रेघ ओढतात, वळतात, घर काढतात.
सतरा नंबरचं कासव
घर काढून दारातच थांबलंय,
खाली लिहिलंय : जतन होत आहे.
सोमवारपासून होतच आहे.

सोमवारी सगळीच अडली होती, खोटं कशाला बोलू.
आधी घड्याळं तपासली. घड्याळ चुकलं
की खरी प्रमाणपत्रंही खोटी ठरतात,
हे मी मार खाऊन शिकलोय.
घड्याळं बरोबर होती.
सॉफ्टवेअर काढलं, परत टाकलं.
अँटिव्हायरसला पाच मिनिटं झोपवलं.
मग कळलं, पहारेकरी दोन आहेत :
एक प्रत्येक मशीनच्या आत, जुन्या प्रिन्सिपॉलनी बसवलेला,
एक बाहेर रॅकमध्ये, नव्यांनी.
दोघंही येणारंजाणारं प्रत्येक पाकीट फोडतात,
वाचतात, पुन्हा डिंक लावतात
आणि दुसऱ्याचा डिंक दिसला की
चोर चोर म्हणून ओरडतात.
आतल्याला निवृत्त केलं.
एकतीस कासवं घरी गेली.

सतरावं नाही.

शाजीसर म्हणाले, रॅम बदला.
मस्कतहून कंपनीचा खमीस फोनवर म्हणाला,
रीस्टार्ट, मेरे भाई, रीस्टार्ट.
मी मुलीला उठवून नऊ नंबरवर बसवलं.
नऊ नंबरचं कासवही दारात थांबलं.
तेव्हा कुठं मी मशीन सोडून
मुलीकडं बघितलं.

मृण्मयी दीक्षित, सातवी ब.
वडील ॲल्युमिनियमच्या भट्टीवर, रात्रपाळीला.
बोटांना निळ्या शाईचे डाग,
चार दिवसांत एकदाही तक्रार नाही.

लॉग उघडला. हजारो ओळींत एक लाल.
कासव बाहेर पडताना फोल्डरवर
तिचं आडनाव घेऊन जातं, रोमन लिपीत,
आणि त्या आडनावाच्या शेपटीला
चार अक्षरं अशी लागून येतात
की गाळणी म्हणते, घाण.
क्षि आणि त.
आपल्याकडं तिथं एवढीशी एक वेलांटी,
तिचं कुणाशी काय वाकडं?
पण गाळणीला दीक्षा कशाशी खातात ठाऊक नाही.
ती शब्द वाचत नाही,
शब्दाच्या पोटात हात घालून चाचपते.

'काय झालं होतं, सर?'
'स्पेलिंगचा घोळ,' मी म्हटलं. 'तुझं काही चुकलं नाही.'
ती स्क्रीनकडंच बघत होती.
'शेवटची चार ना?
बसमधली मुलं मला तेवढंच म्हणतात.
पाचवीपासून.'

अकरा वर्षं मी गाळण्या सांभाळतोय.
कुठं काय अडलं हे मला
मुलांच्या आधी कळतं असं वाटायचं.

अपवादांची यादी उघडली.
आधीचे तिघं बसलेले होतेच :
फुप्फुसांच्या धड्यातलं एक चित्र,
होम सायन्सच्या बाईंची चिकनची कृती,
आणि ससेक्स नावाचा परगणा.
त्यांच्याखाली तिचं आडनाव
एकेक अक्षर टाईप केलं, शेपटीसकट.
पॅनलनं विचारलं, मुदत?
एक तास, एक दिवस, कायम.
कायम.
कारण? हा रकाना रिकामा चालत नाही.
लिहिलं : आडनाव आहे.

कासव दारातून आत गेलं.
बाहेर सहा नंबरची बस हॉर्न वाजवत होती.
त्या बसला माझा पासवर्ड लागत नाही.

'बस लागली,' मी म्हटलं.
तिनं पुन्हा कीबोर्ड ओढला.
'थांबा सर, खिडकी राहिलीय.'