नमुना सतरा

गाय आधी गेली ढिगावर.
तिला काय दोष द्यायचा.
मार्चमध्ये सगळ्या खोऱ्यात बर्फ,
आणि दक्षिणेला तोंड करून बसलेल्या त्या एकाच उतारावर
गवत वर आलेलं, कोवळं.
कुंपण होतं तिथे, लोखंडी खांबांचं.
ते खांब आता मेंढवाड्याला आहेत, आमच्या आणि शेजाऱ्यांच्याही.
पिवळ्या पत्र्यावरचं तीन पाकळ्यांचं काळं फूल
खुराड्याचं दार झालंय.
कोंबड्या रोज त्याच्याखालून वाकून जातात.

मी पगारी. दर नमुन्यामागे सत्तर सोम.
पाच सेंटीमीटर खोल, वीस, चाळीस.
फावडं पुसायचं. पिशवी, चिठ्ठी, क्रमांक.
सोळा नमुने झाले पायथ्यापासून ओढ्यापर्यंत,
जिथे गेल्या साली दरड आली
आणि ढिगाचा एक कोपरा
कुणाला न विचारता पाण्यात उतरला.

बाबा इथल्याच खाणीत.
तेव्हा गावाला नाव नव्हतं, टपालपेटीचा आकडा होता,
आणि दुकानात संत्री यायची भर हिवाळ्यात,
एकेक कागदात गुंडाळलेलं.
मातीमोल म्हणजे महाग
असं मी बरीच वर्षं समजत होते.

सतरावा नमुना आईने मागून घेतला.
“आपल्याकडेही धर की ते,” म्हणाली,
जणू मी साखर वाटत फिरतेय.
बटाट्याच्या वाफ्यावर यंत्र पुटपुटलं, नेहमीइतकंच.
जर्दाळूखाली तेवढंच. उंबऱ्याशी तेवढंच.
तिने हात पुढे केले, पालथे, मग उताणे.
काही नाही.
जराशी हिरमुसली, वाटलं मला.
मग तंदूरपाशी
लाह्या फुटायला लागल्या.

तो चौथरा बाबांनी बांधलेला, लग्नाच्या वर्षी.
गाढवावरून आठ खेपा.
ढिगावरचा दगड चांगला, म्हणायचे,
चौकोनी फुटतो,
ऊब धरून ठेवतो.

आईने आकडा विचारला. मी सांगितला.
“खूप आहे का?”
कशाच्या मानाने, हे मला शिकवलेलं आहे:
परवानगीच्या मानाने, शहराच्या मानाने,
वर्षाकाठी किती तास माणूस तिथे उभं राहतं त्या मानाने.
मी तास मोजायला घेतले. दिवसाला दीड.
अठ्ठेचाळीस वर्षं.
आणि बोटं मध्येच थांबली,
कारण त्यातल्या एकेका तासाचा नान
मी खाल्लेला होता, मधोमध मोडून,
वाफेसकट.

“जाईल ना कधीतरी?”
अर्धं जाईल, म्हटलं. सोळाशे वर्षांनी.
“आणि मग?”
मग उरलेल्याचं अर्धं.
“आणि मग?”
मी गप्प.
“वाटणी गं ही,” ती म्हणाली. “माझ्या दिरांची जमीन अशीच चाललीय.”
आणि हसली, सोन्याचा दात दिसेपर्यंत.

इथे फावडं चालेना. छिन्नीने
कडेचा भुगा काढला, मूठभर.
मूठ मिटली तशी आठवली टेकडी, नोव्हेंबर,
बाबांच्या वेळी रांगेने पुढे येणारं गाव,
तोकतोसून काका, रशियन डॉक्टरीण झिनाइदा, खाणीतले उरलेले चौघे,
एकेक मूठ टाकून बाजूला होत गेलेले.
तेव्हा मुठीला क्रमांक नव्हता.

चिठ्ठीवर ठिकाणाचे रकाने:
शेत, कुरण, ओढा, इतर.
मी इतरवर खूण केली.
समोर नाव लिहायचं असतं, मालकाचं.
बाबांचं लिहिलं, खोडलं,
बुरुलकान लिहिलं.

निकाल यायला सहा आठवडे लागतात.
आज पहाटे अंगणात धूर दिसला.
बाही खांद्यापर्यंत ओढून, हात सगळा लांब करून
ती नान थापत होती,
नेहमीच्या जागेपासून
एक पाऊल मागे.