फार

पहिल्याच रात्री वॉकीटॉकीवर आवाज आला:
‘फार आर ये?’
मी सात नंबरच्या टाकीवर,
खाली रुवैसचे दिवे, पलीकडे काळा समुद्र.
म्हटलं, फार नाही सर, थोडंच राहिलंय.

जरा वेळ नुसती खरखर.
मग हसू आलं, लोखंडी जिन्यावरून
पाना निसटत जावा तसं.

गॉर्डन मिल्न. उत्तरेकडच्या कोळ्यांच्या गावचा.
त्यांच्यात ‘फार’ म्हणजे कुठं,
‘फिट’ म्हणजे काय.
‘फिट लाइक?’ असं तो रोज विचारायचा
आणि मी महिनाभर सांगत होतो,
फिट सर, मेडिकल मुंबईतच झालंय.

परमिट ऑफिसात चहाला स्कॉटिश जमले
की एका पोराला चार नावं पडायची.
ग्लासगोचा डेव्ही म्हणे वेन,
डंडीचा म्हातारा फोरमन, बेर्न.
गॉर्डनचा मुलगा लून, मुलगी क्वाइन.
शेटलंडच्या इंगाला लहान ते सगळं पीरी:
पीरी कप, पीरी गळती, पीरी पोरगं.
डेव्ही तर मधला ट गिळूनच टाकायचा,
वॉटर मागताना घशात नुसती गाठ.

एडिंबराचा इओन कपात बघत म्हणाला,
ही काही भाषा नाही, बिघडलेलं इंग्रजी आहे.
मी दूध पावडर ढवळत होतो.
हे वाक्य मी मराठीत ऐकलेलं होतं.

मंडळाची दिवाळी, अबू धाबी. चकली हातात
आणि प्लॅनिंगचा कौशिक आगाशे:
तुमची अहिराणी म्हणजे
गुजराती सांडलेली मराठीच ना?
सगळे हसले.
मीही हसलो, हे लिहून ठेवतो.

लंडनहून ऑडिट आलं की
कव्हरऑलसारखे आवाज बदलायचे.
गॉर्डनचा ‘फ’ कपाटात,
डेव्हीचं पाणी ‘ट’सकट.
चार दिवस ऑफिसात कोणाचंच गाव नसायचं.

एका नाइट शिफ्टला गॉर्डननं तळहात दाखवला.
कातडी पट्टा. हेडमास्तर. एका ‘फिट’ला तीन.
मला मार नव्हता. साक्रीच्या शाळेत गुरुजींनी
फळ्यावर ‘शे’ लिहून त्यावर काट मारली,
मी वहीत पन्नास वेळा ‘आहे’ लिहिलं.
घरी मायनं विचारलं, भूक लागेल शे का?
म्हटलं, आहे.
ती भाकरी थापता थापता थांबली,
आलेल्या पाहुण्याकडं बघावं तशी बघत राहिली.

(हेही मी ‘आहे’मध्येच लिहितोय.)

गॉर्डन गेला त्याला दोन वर्षं झाली.
एसीच्या पेटीवर कबुतरं बसतात
आणि मला त्याचं ते दुसरं विचारणं आठवतं:
फूज यर डूज? कशी आहेत तुझी कबुतरं?
उत्तर ठरलेलं: आय, पेकिन. टिपतायत अजून.
त्याच्या गावात माणसाची खुशाली अशी कळते.
कबुतरं नसली तरी.

काल पहाटे धुकं इतकं
की फ्लेअरची ज्योतसुद्धा पुसलेली.
नवा फिटर पाइपरॅकवर गेलेला, दिसेना.
बटण दाबलं आणि तोंडातून निघालं ते
चाळीस वर्षं दाबून ठेवलेलं:
कथा शे रे भो तू?

खरखर.
मग कोणीतरी, तो नव्हे,
जेट्टीकडून असावं, झोपाळलेल्या आवाजात:
मी हंयसरच आसंय. तू खंय?

हसू दाबलं. सांगणार होतो
तेवढ्यात कंट्रोल रूममधून आगाशे,
स्वच्छ, इस्त्रीचा:
चॅनल थ्री, इंग्लिश प्लीज.

कॉपी, म्हटलं.
बटण सोडायला थोडा उशीर केला.