किल्ली

एकतीस वर्षं लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळले
आणि काल स्वतःची किल्ली सांभाळता आली नाही.
नारायण पेठ, तिसरा मजला, दुपारचे सव्वादोन.
या वेळी पुण्यात शेजाऱ्याची बेल वाजवणं
हा जवळजवळ गुन्हाच.
जिन्यात बसले. मांडीवर कोशाचं तिसरं मुद्रित,
'कुरकुर'पासून पुढे.

बोहरी आळीतून मुनाफभाई आले, लुनावर,
मागे मल्लेश, भवानी पेठेतला,
हत्यारांचा डबा छातीशी धरून.
डब्यावर ऑइलपेंटनं:
'सर्व प्रकारच्या चाव्या बणवुन मिळतिल'.
बोटं शिवशिवली.
पण लाल पेन दाराच्या आत होतं, टेबलावर.

"किल्ली हरवली."
"चावी ना? बनेल."
"किल्ली."
"हां मॅडम, तीच."

एक डोळा मिटून ते कुलपाच्या तोंडात बघत राहिले.
(कुलपाच्या. 'कुलूपाच्या' नव्हे.
हे मी किती जणांच्या समासात लिहिलंय!)
मूळचा अरबी शब्द, कुफ्ल.
समुद्र ओलांडताना फ आणि ल यांनी जागा बदलल्या,
घाट चढता चढता फ दमला, त्याचा प झाला.
तेव्हा वाटेत कुणी मुद्रितशोधक बसला नव्हता,
नशीब.

चावी गोव्याकडून आली, फिरंग्यांच्या जहाजातून,
त्याच जहाजातून बिजागरी.
दार तेवढं आपलं.
पण दार नुसतं आपलं असून
उघडत नाही, हे मला काल कळलं.

मुनाफभाईंना घरून फोन आला.
गुजराती बोलले, मधूनच एखादा अरबी शब्द,
शिऱ्यात बेदाणा लागावा तसा.
मग मल्लेशला, "अरे वो बारीक वाला कानस दे ना."
मग मला, "कानस मारली की झालं, पाच मिनिटं."
तीन भाषा बदलल्या,
कानस तीच.

मल्लेश इतका वेळ गप्प होता.
"आमच्या घरी ताळम् चेवी म्हणतात," तो म्हणाला.
"चेवी म्हणजे कान."
"कुलपाचा कान?"
"हां. आई म्हणते, हळू फिरव, ऐकतंय ते."
मी विचारात पडले.
फिरंग्यांची चावे तेलुगू घरात शिरली
आणि तिथे कुणाला तरी ती कानासारखी ऐकू आली?
असेल. नसेल.
कोशकारांना विचारलं तर म्हणतील, पुरावा द्या.
पुरावा समोर उकिडवा बसून
पितळेचा कीस फुंकत होता.

वरून थोइबी उतरली, इंफाळची,
कंपनीच्या बसची वेळ झालेली.
आम्हां तिघांना ओलांडताना म्हणाली,
"येते हं काकू."
'जाते' म्हणायचं नसतं, हे मी तिला शिकवलेलं नाही.
मंडईतल्या कुणा बाईनं शिकवलं असणार,
मेथी निवडता निवडता, दटावून.
ती खालच्या वळणाशी पोचली तरी
मी त्या शब्दाशीच अडलेली:
निघताना येते म्हणणारी ही भाषा;
हिच्याकडे एकदा आलेलं कुणी
परत जाणार तरी कसं?

कुलूप उघडलं. आवाज अगदी लहान,
घशातल्या घशात हुंकार दिल्यासारखा.
"दीडशे. नवीन आहे, थोडे दिवस अडकेल.
जोर करू नका. रोज फिरवत राहा,
शिकेल."
कोण शिकेल, चावी की कुलूप,
ते विचारायचं राहिलं.

रात्री पार्ल्याला शरयूला फोन केला.
लग्न होऊन तिकडे गेल्यापासून
आमचा हा एकच वाद, चाळीस वर्षं जुना;
ती मुंबईचं बोलते, मी घरचं.
सगळं सांगितलं, जिना, लुना, मल्लेशच्या आईचा कान.
"मग मिळाली का शेवटी?"
"हो ना, चावी मिळाली."

पलीकडे शांतता.
मग तिचं ते हसणं,
लहानपणी अंधारात, पांघरुणाखाली दाबून ठेवायची,
ते.
"काय म्हणालीस?"
"काही नाही," मी म्हटलं,
आणि पदरात बांधलेली ती
चाचपून पाहिली.