खोली किती

काउंटरवर दिवसातून वीसदा तोच प्रश्न:
"खोली किती?"
मी आधी माणूस बघतो.
खांद्याला बॅग असेल तर एसी अठराशे, साधी अकराशे,
सकाळची पाव-भाजी धरून.
पोर कडेवर आणि नजर पाण्यावर असेल
तर पायडलबोटींच्या दोरीपर्यंत पुरुषभर,
पुढचं बुदो गावसाला विचारा.

बुदो गावस वारला त्याला अकरा वर्षं झाली.

मानशीचा राखणदार तो.
मानस म्हणजे बांधातलं दार, फळीवर फळी;
एकेक उचलली की तळं शेतात उतरायचं.
वायंगणाला पाणी तो विडीच्या मापाने सोडायचा.
खालच्या कुणग्यांना दोन विड्या, देवळाच्या शेताला तीन,
आणि जयतीणीच्या, नवरा गेल्यानंतर, एकच,
पण ती तो फार सावकाश ओढायचा.

गावाचं नाव आडवणें.
ओहोळ अडवला म्हणून आडवणें, यापलीकडे काही नाही.
कुणी अडवला? पाच वांगडांनी, आजोबा सांगत.
डोक्यावरून माती कुणी वाहिली
हे विचारलं की त्यांना सुपारी शोधायची असायची.

मग मोजणीला एक पाखलो आला,
छत्री, लोखंडी साखळी आणि घामाघूम कारकून घेऊन.
त्यांच्या लिपीत आमचा ड मावेना. र वर भागवलं.
आता कमानीवर तीन भाषांत आरवणें.
दिल्लीचे एक आजोबा म्हणाले, आरव म्हणजे शांतता ना?
नातवाचं नाव तेच आहे आमच्या.
कोशात आरव म्हणजे आरडाओरडा.
मी हो म्हटलं. नातू शेजारीच किंचाळत होता.

एकसष्टच्या डिसेंबरात भाटकार गेला,
स्वयंपाक्याकडे किल्ली देऊन, पुढल्या रविवारी येतो म्हणून.
आमच्या चुलीखालची जमीन अजून त्याच्याच नावावर.
न्हाणीघराला पत्रा घालायचा तर मामलेदाराकडे चार खेपा;
पर्यटनाच्या बारा खोल्या एका उन्हाळ्यात उभ्या राहिल्या,
त्यांच्या न्हाणीघरांत टब आहेत.

उगवतीचा डोंगर खाणीने नेला.
नेला म्हणजे बार्जेत भरला, आणि जो उरला
तो पावसाबरोबर आमच्याकडे राहायला आला.
तळं तांबडं झालं. शेवटाळे गेले, खर्चाणी गेली.
बुदो दरवर्षी होडीतून मधोमध जाऊन बांबू टाकायचा
आणि पाणी लागेल तिथे कोयत्याने खाच.
खाचा खाली खाली येत गेल्या.
पहिली माझ्या हाताला पुरत नाही.
शेवटची छातीला लागते.

खात्याने नंतर हंस आणले, फायबरचे, चोची नारिंगी.
ते मधोमध रुततात. बांबू आता त्यांना ढकलायला.

परवा एका बाईचा मोबाइल पडला, तिथेच, मधोमध.
मी होडी काढली. बांबू टाकला, शोधायला म्हणून,
पाण्याचा तळ लागला, ओळखीचा, छातीएवढा.
जरा जोर दिला तर तो आत गेला.
आणखी गेला. लोण्यातून जावा तसा,
खाचांवरून खाच बुडत, वरपर्यंत,
आणि पहिल्या खाचेशी ठक्क.
ओढून काढला. वर तांबडा गाळ,
पण टोकाला बोटभर काळा,
भाताच्या कापणीनंतर यायचा तो वास असलेला.
बाईने नाकाला ओढणी लावली.
मोबाइल काही मिळाला नाही.

काठावर तिच्या नवऱ्याने विचारलं, "खोली तरी किती आहे इथे?"
मला उत्तर येईना.
अठराशे, म्हणालो.

बांबू शेडच्या भिंतीला उन्हात उभा केला.
तक्रारवहीत लिहायचं होतं, राहिलं.
बसून बघत होतो, ओल वरून उतरत होती,
पहिली खाच कोरडी, दुसरी,
तिसरी