जिथं ठेवाल तिथं

पिवळं होतं तोवर सोपं होतं.
फोमचं, पंख जरा वर उचललेले,
सात ठिकाणी चिकटपट्टी.
घाबरून दोन्ही अंगठे काढले
तरी डुलत डुलत आपणच सरळ व्हायचं,
दूधगाडीच्या म्हाताऱ्या घोड्यासारखं.
तीन उन्हाळे मी म्हणत होते, मी उडवते.

मग हिवाळाभर स्वयंपाकघराच्या टेबलावर
बाल्साच्या बरगड्या.
वेंदेलीन दोन महिने ताटली मांडीवर घेऊन जेवला,
बोलला नाही काही.
ज्या इस्त्रीनं पंखांवर लाल फिल्म ताणून बसवली
तिनंच त्याच्या लग्नाला जायच्या सदऱ्यावर
एक लाल बोट उमटलं, तेव्हा म्हणाला,
"हाही उडेल आता."

मी औषधं मोजते दुकानात. मिलिग्रॅमची माणूस.
दोन बोटांच्या टोकांवर विमान तोलून पाहिलं :
नाक जड. शेपूट जड. पुन्हा नाक.
बॅटरी नखभर मागे,
आणि ते बोटांवर असं थांबलं
जसं कुणी बोलता बोलता गप्प होऊन
ऐकू लागतं.

एप्रिल. होदोनीनच्या बाहेर, बीटाच्या रानाकडेची गवताची पट्टी.
मोरावाकाठचे पॉप्लर अजून उघडे.
ओल्द्रिख, रेल्वेतला निवृत्त सांधेवाला,
ससा हुसकून आला, ओलं बोट वाऱ्यात धरलं.
"झ्दिस्लावा, एवढंच ध्यानात ठेव :
हे आपणहून सरळ होणार नाही.
तू ठेवशील तिथं राहील."

कलवलं, कललं.
दांडी मधे आणली,
ते तसंच कललेलं, आभाळात तिरकं,
माझ्या पुढच्या शब्दासाठी थांबलेलं.
बावन्न वर्षांत इतकं शब्दशः
माझं कुणी ऐकलं नव्हतं.

आणि वळून माझ्याकडेच यायला लागलं.
समोरून येणाऱ्याचं डावं ते आपलं उजवं,
ठाऊक आहे मला. काउंटरपलीकडच्या हातांना
तीस वर्षं मी पुड्या देते आहे.
अंगठ्यांना ठाऊक नव्हतं.
सावरायला गेले, आणखी पालथं झालं,
पॉप्लरांच्या शेंड्याखाली लाल रेघ,
ओल्द्रिखचा खोकला थांबला,
चंडोल थांबला...
नाही, चंडोल गातच होता. त्याला काय.

"पडत्या पंखाला टेकू दे,"
ओल्द्रिख म्हणाला. हात खिशातच.
पडत्या पंखाला टेकू.
जो पंख खाली, दांडी त्याच बाजूला,
वालाच्या वेलाला काठी लावावी तशी.

सावरलं.
डोक्यावरून गेलं तेव्हा
त्याच्या पोटावरची माझीच इस्त्रीची सुरकुती दिसली.

उतरताना दोनदा उसळलं. गवत संपलं,
ढेकळं सुरू झाली, एक चाक वाकलं.
ओल्द्रिखनं ते गुडघ्यावर दाबून सरळ केलं
आणि थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली,
आधी मला.

जाण्यापूर्वी पिवळं एकदा उडवलं, त्याला वाईट वाटू नये म्हणून.
न विचारता चहात तीन चमचे साखर घालणाऱ्या मावशीसारखं
ते मला जपत राहिलं.
मी कलवायची, ते सरळ व्हायचं.
मी पुन्हा कलवायची.
आधी राग आला. मग लाज वाटली रागाची.
गाडीत मागच्या सीटवर त्याच्यावर घोंगडं घातलं.

"झोपेत तुझे अंगठे हलत होते,"
सकाळी वेंदेलीन म्हणाला.
"कुठल्या बाजूला?"
"माझ्या."
"मग तू खाली कलला असशील."