रीडिंग

ग्लदानीच्या सोळा मजली इमारतींत
लिफ्टला नाणं घालावं लागतं.
म्हणून मी एकदाच वर जाते आणि जिन्याने उतरत येते,
बॅटरी, वही, कानात पेन्सिल.
अकरा वर्षं झाली.
तिब्लिसीतली माणसं मला तोंडावरून ओळखू येत नाहीत.
युनिटवरून येतात.

नवव्यावरची लामारा: डिसेंबरात नऊशे चाळीस.
मला वाटलं, चोरून पाव भाजून विकते.
दार उघडलं तर स्वयंपाकघरात भट्टी,
चिमट्यात तांब्याचा पत्रा, लालबुंद.
"थांब, बोलू नकोस," म्हणाली.
पत्रा निवत गेला, आणि लालातून
निळा वर आला,
चेंगरलेल्या नखाखाली येतो तसा.
मीनाकारी. चर्चमधल्या जुन्या क्रुसांवर पाहिली होती,
पण हिने काढला होता आमचाच जिना,
फुटक्या पायरीसकट.
मीटर वाचायचं राहूनच गेलं.
खाली पोचल्यावर आठवलं. पुन्हा नाणं.

चौथ्यावर एल्गुजा. दिवसा चकती हलत नाही,
रात्री भिरभिरते.
त्याच्या भिंतीवर आठ पडदे, आठांवर एकच बाई
कणीक मळतेय, आणि तिला कुणीतरी मागून हाक मारतंय.
"ही वळून का बघत नाही?"
"तेच," तो म्हणाला.
हे काही उत्तर नव्हे.
तरी महिनाभर कणीक मळताना
माझे कान पाठीला लागलेले.

मिंदियाचं शून्य.
कंपनी म्हणते, शून्य म्हणजे छेडछाड, वर जाऊन बघ.
वर गच्चीत औषध लावलेल्या चादरी, त्यांवर चमचे, पिसं,
आणि एकीवर त्याची आई, कुशीवर वळून, झोपलेली.
ऊन पडलं तिथे चादर निळी होणार,
आई तेवढी पांढरी राहणार.
"वीस मिनिटं हलायचं नाही," आई डोळे मिटून म्हणाली,
"आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलंय."
मी रकान्यात लिहिलं: ग्राहक सूर्याचा आहे.
साहेबांनी ते लाल शाईने खोडलं.

तळमजल्यावरची तेकले काय करते
ते मात्र कधी कळलं नाही.
शिलाई मशीन होती, पण शिवलेलं काही दिसेना.
पावती हातात घ्यायची, दोन्ही बाजू बघायची,
दार लावून घ्यायची.

मग या वसंतात तिनेच बोलावलं,
मोज्यांच्या बंद पडलेल्या कारखान्यात.
छतापासून जमिनीपर्यंत एक गोधडी टांगलेली.
जवळ गेले तर माझं अक्षर.
एकशे बत्तीस पावत्या, एकीला एक जोडलेल्या.
माझा सात, कमरेला पट्टा बांधलेला.
जानेवारीतले आकडे काकडलेले,
जुलैतले ऐसपैस.
एकावर माझ्या बोटाचा ठसा, सूर्यफुलाच्या तेलाचा.
मला लाज वाटली, आणि लाजेखाली आणखी काहीतरी.

मग ती फेब्रुवारी शोधली.
तिचा मुलगा न्यूमोनियाने पडलेला, हीटर रात्रंदिवस चालू.
मीटर म्हणत होतं सहाशे बारा.
मी लिहिलं दोनशे बारा.
आणि पुढच्या उन्हाळ्यात वीस-वीस, तीस-तीस करून
भरून काढले, कुणाच्या नजरेत येऊ नयेत असे.
आता ते सगळे इथे, दिव्याखाली,
कुणीही बसून बेरीज करावी.
दोन हातांवर आमच्या कंपनीतला माणूस,
वाइनचा ग्लास धरून म्हणत होता,
"रंगसंगती छान जमलीय."

बाकी सगळी शिवण पांढऱ्या दोऱ्याची.
त्या एका पावतीच्या चारी कडांना लोकर,
मेंदी रंगाची, उसवल्यावर राहते तशी वेटोळी,
लहान पोराच्या स्वेटरची.

तेकले खांबाशी उभी होती.
मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनेही नाही.

निघताना सवयीने दारामागे बॅटरी मारली.
मीटर होतंच. काच पुसली.
चकती नुसती धावत होती.
इतके दिवे कशाला लावतात हे लोक.